करिअर बदलायचंय? कोच काय देतो, काय देत नाही आणि सीमाभागातल्या माणसाने आधी काय मोजावं

बेळगावात "कोचिंग लावलंय" म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "कशाचं? नीटचं की बँकेचं?" इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या मराठी घरांतही हीच गत. कोचिंग म्हणजे क्लास, टेस्ट सिरीज आणि रँक काढलेल्या मुलांचे फोटो लावलेला बोर्ड. पण अलीकडे मोबाईलवर वेगळ्याच कोचिंगच्या जाहिराती दिसायला लागल्यात. 'करिअर कोच', 'लाईफ कोच', 'ट्रान्झिशन कोच'. पस्तिशी-चाळिशीतला माणूस नोकरीला कंटाळलेला असो, नाहीतर नोकरीच डळमळीत झालेली असो, त्याला त्या हमखास दिसतात. हप्ते चालू आहेत, मुलं शाळेत आहेत, आई-वडिलांची औषधं आहेत, अशा वेळी चुकीच्या माणसाला पैसे देणं आणि चुकीच्या दिशेला उडी मारणं, दोन्ही महागात पडतं. म्हणून हा कोच नावाचा माणूस नेमकं काय करतो ते आधी समजून घेऊ.

शब्दाची गंमत अशी, की 'कोच' हा मुळात हंगेरीतल्या कोच नावाच्या गावचा. तिथल्या घोडागाड्या प्रसिद्ध होत्या. गाडीचं नाव इंग्रजीत आलं आणि एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने 'कोच' म्हणायला सुरुवात केली. मैदानावरचा कोच त्यानंतरचा. म्हणजे आपण क्लासला कोचिंग म्हणतो तो अर्थ तसा जुनाच आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. नोकरीधंद्यातला कोच मात्र फार अलीकडचा. टिमोथी गॅल्वे नावाच्या अमेरिकन टेनिस शिक्षकाने १९७४ मध्ये एक पुस्तक लिहिलं. खेळाडूला सतत 'असं कर, तसं कर' सांगण्यापेक्षा त्याचं लक्ष नेमक्या जागी वळवलं तर तो लवकर सुधारतो, असा त्याचा अनुभव होता. जॉन व्हिटमोर या ब्रिटिश माजी मोटार शर्यतपटूने तीच पद्धत कंपन्यांत नेली आणि १९९२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. आजही बहुतेक कोच त्याच चार पायऱ्यांवर चालतात. काय पाहिजे, आत्ता कुठे आहे, वाटा कोणत्या, आणि यातलं मी नक्की काय करणार.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. कोच विचारतो, सांगत नाही. समुपदेशक कल चाचणी घेतो आणि तुम्हाला कोणती क्षेत्रं जमतील ते सांगतो. दहावी-बारावीच्या पोरांना त्याचा उपयोग जास्त. त्या वाटेने आधी गेलेला जाणता माणूस, ज्याला हल्ली मेंटॉर म्हणतात, तो स्वतःचा अनुभव सांगतो आणि शक्यतो पैसे घेत नाही. प्लेसमेंटवाला नोकरीची जागा दाखवतो. त्याची फी रीतसर कंपनीकडून यायला पाहिजे. कोच यातलं काहीच करत नाही. तो तुम्हाला नोकरी देत नाही, ओळख देत नाही, विषय शिकवत नाही. मग पैसे कशाचे? तुमच्या डोक्यातला गुंता सोडवून एक बारीक, नेमकं उद्दिष्ट काढायचे, आणि पंधरा दिवसांनी "ठरवलं होतं ते केलं का?" असं तोंडावर विचारायचे. ऐकायला हलकं वाटतं. पण आपल्या घरात हे काम करायला कोणीच नसतं. बायको काळजीपोटी 'आहे ते सोडू नका' म्हणते, मित्र उत्साहापोटी 'सोड की रे' म्हणतो, आणि सासऱ्यांसमोर हा विषयच काढता येत नाही.

एका वेळी किती पाय उचलायचे?

करिअर बदलणं म्हणजे सगळंच बदलणं, असा एक गैरसमज आहे. खाटेसारखा विचार करा. तुमच्या नोकरीला चार पाय आहेत. पहिला, तुम्ही प्रत्यक्ष करता ते काम. दुसरा, ते ज्या क्षेत्रात करता ते क्षेत्र. तिसरा, गाव. आणि चौथा, भाषा. मुंबई-पुण्याकडच्या करिअरच्या लेखांत चौथा पाय सापडत नाही, कारण तिथे तो फारसा हलत नाही. आपल्याकडे तो रोज हलतो. बेळगावचा, खानापूरचा, निपाणीचा पोरगा बेंगळुरूला गेला की कामाची इंग्रजी, रस्त्यावरची कन्नड आणि घरची मराठी अशा तीन भाषांत त्याचा दिवस जातो. तोच पुण्याला गेला तर भाषेचा पाय टेकतो, पण गावाचा उचलावा लागतो. गोव्यातला मराठी माणूस गोव्यातच क्षेत्र बदलतो तेव्हा गाव आणि भाषा तशीच राहतात. सूरतहून वडोदऱ्याला, ग्वाल्हेरहून इंदूरला जाणाऱ्याचं गणित आणखी निराळं.

एक पाय उचलला तर खाट डुगडुगते, पण पडत नाही. दोन उचलले तर आधार लागतो. तीन-चार एकदम उचलले तर कोच काय, देवही सावरणार नाही. 'फोकस्ड' करिअर बदल हा शब्द कोच मंडळींना फार आवडतो. त्याचा साधा अर्थ इतकाच, की यावेळी कोणता पाय उचलायचा आणि कोणते घट्ट टेकवून ठेवायचे ते आधी लिहून काढायचं.

सरकारी वाटेवर तर भाषेचा पाय कायद्यानेच ठरतो. कर्नाटक सरकारच्या नोकरीला कन्नड आलंच पाहिजे. गोवा सरकारच्या नोकऱ्यांना कोकणीचं ज्ञान आणि साधारण १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत ज्या राज्यातून अर्ज कराल तिथली भाषा यावी लागते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, पण वास्तव्याचा दाखला आणि जाहिरातीतल्या अटी नीट वाचाव्या लागतात. एमपीएससीच्या बहुतेक पदांना खुल्या गटासाठी कमाल वय ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. म्हणजे तुमचं मन सरकारी परीक्षेवरच असेल आणि वय ३६ असेल, तर कोचकडे सहा महिने घालवू नका. तुम्हाला जुन्या अर्थाचं कोचिंगच पाहिजे, आणि तेही आजच.

उद्यमबागेतलं एक उदाहरण

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघू. समजा, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत बारा वर्षं क्वालिटी बघणारा ३६ वर्षांचा डिप्लोमावाला माणूस आहे. उदाहरण कल्पित आहे, पण अशी माणसं बेळगावात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात पाहिजे तितकी भेटतील. पगार ३१ हजार, घराचा हप्ता ९ हजार, मुलगी चौथीत. कोचबाईंसमोर बसल्या बसल्या तो म्हणतो, "मॅडम, हे काम आता नको झालंय. आयटीत जाऊ म्हणायलोय. मेव्हणा पुण्यात आहे, तो म्हणतोय डेटा सायन्सचा कोर्स कर."

वाईट कोच इथेच स्वतःच्या ओळखीचा कोर्स विकतो. बरा कोच आयटीला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो विचारतो, "गेल्या दोन महिन्यांत कामावरचा कोणता दिवस चांगला गेला?"

"एक दिवस कस्टमरचं ऑडिट होतं. सगळी कागदं मीच दाखवली. एक प्रश्न अडला नाही."

"आणि नको झालेला दिवस?"

"तो रोजचाच की. धूळ, उकाडा, रात्रपाळी. वर ब्लो होल निघालं की पहिला फोन मला."

बघा, दहा मिनिटांत केवढा फरक पडला. या माणसाला क्वालिटीचं काम नको झालेलं नाही. त्याला रात्रपाळी, धूळ आणि दुसऱ्याच्या चुकीचा ठपका नको झालाय. काम हा पाय भक्कम आहे, क्षेत्राचा पाय किडलाय. आयटीचा कोर्स करून त्याने भक्कम पायच कापून टाकला असता. माझ्या मते कोचिंगचे निम्मे पैसे या एका भेटीत वसूल होतात, कारण नको असलेली गोष्ट आणि नको असलेलं काम यांची गल्लत बहुतेकांची झालेली असते.

दुसऱ्या भेटीत उद्दिष्ट लिहायचं. 'चांगली नोकरी पाहिजे' हे उद्दिष्ट नव्हे, तो नवस झाला. लिहायचं ते असं : आठ महिन्यांत, बेळगाव जिल्ह्यातच, मशीनिंगच्या किंवा विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, तपासणी आणि कागदपत्रांचं काम, हातात किमान ३५ हजार, रात्रपाळी महिन्यातून एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. आता हे वाचून कोणीही सांगू शकतो की मिळालं की नाही.

विमानांचे सुटे भाग का? कारण हत्तरगीला, पुणे-बेंगळुरू महामार्गावर, त्याच कामाचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. गाव न सोडता क्षेत्र बदलायची सोय दारात आहे. पण 'दारात आहे' म्हणजे 'आत घेतात' असं नव्हे. तिसरी भेट त्यासाठी. आपल्याकडे काय आहे आणि काय कमी आहे याची वही मांडायची. गाड्यांच्या पार्टसाठी पीपॅपची फाईल तयार करणारा माणूस विमानांच्या पार्टच्या 'पहिल्या नगाच्या तपासणी'पासून फार लांब नसतो. दोन्हीकडे ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप मोजून, नोंदवून, पुराव्यासकट दाखवायचं असतं. गाड्यांच्या क्षेत्रात आयएटीएफ १६९४९ हे मानक, तर विमानांच्या क्षेत्रात एएस ९१००. पाया एकच, आयएसओ ९००१. हे जमेच्या बाजूला. कमी बाजूला काय? सीएमएम मशीन स्वतः चालवलेलं नाही. ड्रॉइंगवरच्या जीडी अँड टीच्या खुणा अंदाजाने कळतात, खात्रीने नाही. आणि रिपोर्ट इंग्रजीत लिहिताना हात अडतो.

तीनच गोष्टी. डेटा सायन्सच्या लाखभराच्या कोर्सपुढे ही यादी किती आटोपशीर आहे बघा. बेळगावातच कर्नाटक सरकारचं जीटीटीसी, म्हणजे टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे छोट्या मुदतीचे कोर्स चालतात. सध्या कोणते चालू आहेत आणि नोकरी करणाऱ्याला वेळ जमेल का, ते तिथे जाऊनच विचारायचं. जाहिरातीवर विसंबायचं नाही.

चौथ्या भेटीपर्यंत बोलणं कमी आणि करून बघणं जास्त व्हायला पाहिजे. हर्मिनिया इबारा नावाच्या प्राध्यापिकेने करिअर बदलणाऱ्या लोकांचा अभ्यास करून २००३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा आपल्या माणसांनाही पटेल असा आहे. खोलीत बसून 'मी नक्की कोण आहे' याचा विचार करून उत्तर सापडत नाही, नवं काम छोट्या प्रमाणात करून बघितलं की सापडतं. आपल्या माणसानेही तेच करायचं. दोन-तीन रविवार फुकटचे डेटा सायन्सचे व्हिडीओ लावून आयटीची हौस तपासायची. चौथ्या रविवारी लॅपटॉप उघडावासा वाटला नाही तर मेव्हण्याला काय सांगायचं ते ठरलं. दुसरीकडे, नव्या क्षेत्रात काम करणाऱ्या दोघांना चहाला गाठायचं आणि नोकरी न मागता फक्त विचारायचं, की तुमचा दिवस कसा जातो, घ्यायचं असेल तर काय बघतात, तुम्हाला इथलं काय आवडत नाही?

दूरच्या ओळखी जास्त कामाच्या

ही दोन माणसं आणायची कुठून, तर इथे आपली मंडळं कामाला येतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या एका शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे निघाले फक्त १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. कारण सोपं आहे. तुमच्या रोजच्या मित्राला तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं. वर्षातून दोनदा भेटणारा दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो.

सीमाभागातल्या माणसाकडे या दूरच्या ओळखींची श्रीमंती आहे, फक्त तो तिच्याकडे त्या नजरेने बघत नाही. गणेशोत्सव मंडळातला पुण्याला गेलेला जुना कार्यकर्ता, वडोदऱ्यात स्थायिक झालेला आत्याचा मुलगा, गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यात कामाला असलेला वर्गमित्र, गावच्या यात्रेला येणारे बेंगळुरूवाले. कोच इथे साधं काम देतो. अशा वीस जणांची नावं लिहून आणा आणि आठवड्याला तिघांना फोन करा. बहुतेकांना हे सगळ्यात अवघड जातं. "मागायला गेल्यासारखं वाटतंय" असं म्हणतात. मागायचं नाहीच, विचारायचं. आणि फोन झाल्यावर आठवड्याने 'तुम्ही सांगितलं तसं केलं' एवढा मेसेज टाकायचा. समोरच्याला आपण लक्षात राहतो ते या दुसऱ्या मेसेजमुळे.

बायोडेटाची भेट पाचवी किंवा सहावी. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण बायोडेटावर लोक नको तितका वेळ घालवतात. एकच सांगतो. 'क्वालिटीची जबाबदारी सांभाळली' असं लिहू नका. कोणत्या कास्टिंगचं रिजेक्शन किती होतं, तुम्ही काय बदललं आणि ते कितीवर आलं, हे आकड्यांत लिहा. आकडे फाउंड्रीच्या जुन्या रजिस्टरमध्ये असतात. नोकरी सोडायच्या आधीच स्वतःपुरती टिपणं काढून ठेवा, पण कंपनीचे गोपनीय कागद किंवा ड्रॉइंग बाहेर नेऊ नका.

मराठी शाळेतल्या शिक्षिकेचं काय?

वरचं उदाहरण कारखान्याचं झालं. सीमाभागात दुसरा एक मोठा गट आहे, ज्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. विनाअनुदानित मराठी माध्यमाच्या शाळांत तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या बायका. पटसंख्या कमी होतेय, शाळा किती दिवस चालेल सांगता येत नाही. यातल्या एखादीने बदल करायचा म्हटला तर तिचे पाय उलटे आहेत. गाव सोडता येत नाही, कारण घर आहे. भाषा हीच तिची खरी मिळकत आहे. हलवायचं ते काम. पाठ्यपुस्तकांचं मुद्रितशोधन, कन्नड किंवा इंग्रजीतून मराठी अनुवाद, व्हिडीओंची मराठी उपशीर्षकं, ऑनलाईन मराठी शिकवणी, यातलं काहीतरी एक. सीमाभागातल्या बाईला मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता-लिहिता येत असेल, तर ही जोडी पुण्यात सहज मिळत नाही. रोज सोसावी लागणारी दोन भाषांची ओढाताण इथे भांडवल ठरते.

पण भावनेत वाहायचं नाही. अनुवादाचं काम शब्दावर मोजून मिळतं, पैसे उशिरा येतात, आणि पहिले काही महिने मिळकत फारच थोडी असते. चांगला कोच तिला राजीनामा द्यायला सांगणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत दोन कामं पूर्ण करून, प्रत्यक्ष हातात आलेले पैसे तासांनी भागायला सांगेल. तो आकडा शाळेच्या पगाराच्या तासाच्या हिशेबाशेजारी लिहिला की निर्णय निम्मा होतो.

पैशाची बाजू

कोच सहसा पैशाचा विषय वरवर घेतात. तो तुम्हीच नेटाने घ्यायचा. आपल्या फाउंड्रीवाल्याचं घर २८ हजारांत चालतं आणि हप्ता ९ हजार, म्हणजे महिन्याला ३७ हजार लागतात. पगार ३१ हजार, वरचे ६ हजार बायकोच्या शिवणकामातून येतात. सहा महिन्यांची गंगाजळी म्हणजे २ लाख २२ हजार. एवढे बाजूला नसतील तर दुसरी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही, एवढा नियम पाळला तरी पुरे.

राजीनाम्याची तारीखही मोजून ठरवा. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. ती साधारणपणे दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराइतकी असते, आणि महिना २६ दिवसांचा धरतात. म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २० हजार असेल तर एका वर्षाचे सुमारे ११,५३८ रुपये. पाच वर्षं पूर्ण व्हायला तीन महिने उरलेले असताना रागाच्या भरात कागद टाकणारे लोक दर कारखान्यात असतात. पीएफ काढून खाऊ नका, त्याच यूएएन क्रमांकावर नव्या कंपनीत वळवून घ्या. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो, आणि पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. मधेच सगळं काढून घेतलं तर ती वर्षं हातची जातात. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका, मग साहेबाशी कितीही बिनसलेलं असो.

कोच निवडताना

भारतात कोच म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही. उद्या मीही पाटी लावू शकतो. जगात या लोकांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे १९९५ मध्ये स्थापन झालेली आयसीएफ, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन. तिच्या तीन पायऱ्या आहेत. एसीसीला किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. पीसीसीला १२५ आणि ५००. एमसीसीला २०० आणि तब्बल २,५००. ही पदवी असली म्हणजे माणूस तुमच्या कामाचा निघेलच असं नाही, पण किमान तेवढे तास बसून त्याने लोकांचं ऐकून घेतलंय. पदवी नसेल तर सरळ विचारा, किती लोकांसोबत काम केलंय, त्यातले कारखान्यातले किंवा शाळेतले किती, आणि त्यातल्या एखाद्याशी त्याच्या परवानगीने बोलता येईल का?

पहिली भेट बहुतेक ठिकाणी फुकट असते. तिथे तो किती बोलतो आणि तुम्ही किती बोलता हे घड्याळ लावून बघा. तो जास्त बोलत असेल तर तो काहीतरी विकतोय. भेटी मराठीत होतील का, हेही विचारा. मनातली भीती इंग्रजीत बोलता येत नाही, आणि ती न बोलता कोचिंग होत नाही. किती भेटी, किती पैसे, बोललेलं गुप्त राहील का, मधेच थांबलो तर पैसे परत मिळतील का, हे कागदावर घ्या. मुलाखतीच्या तयारीसकट सहा ते आठ भेटी पुष्कळ झाल्या. एका महिन्याच्या पगाराहून जास्त फी असेल तर मी तरी नमस्कार करून निघून येईन.

'नोकरीची हमी' हा शब्द ऐकला की उठा. नोकरीसाठी तुमच्याकडून आगाऊ पैसे घेणारा कोच नसतो. परदेशाचं, खास करून आखाताचं आमिष असेल तर आणखी सावध राहा. परदेशी भरती करणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते.

पैसेच नसतील तर? केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेली नॅशनल करिअर सर्व्हिस फुकट आहे, नोंदणी आणि समुपदेशन दोन्ही. आणि कोचिंगचा गाभा दोन मित्रांनाही सांभाळता येतो. दोघांनी दर दुसऱ्या रविवारी सकाळी एक तास बसायचं, अर्धा तास एकाचा, अर्धा तास दुसऱ्याचा. सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं आणि लिहून ठेवायचं. सल्ला न देणं आपल्या लोकांना जमतं का, हा प्रश्न आहेच. पण जमलं तर फुकटात बरंच काम होतं.

काही वेळा कोच हे उत्तरच नसतं. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर आधी डॉक्टर. पगार थकला असेल किंवा बेकायदा काढून टाकलं असेल, तर कामगार खात्याचं कार्यालय. सावकाराचा फास असेल तर आधी त्याचा निकाल, मग करिअर.

पहिल्या भेटीला जाताना तीन कागद सोबत न्या. गेल्या तीन महिन्यांच्या घरखर्चाचा हिशेब, कामावरच्या पाच चांगल्या आणि पाच नकोशा दिवसांची नोंद, आणि वर सांगितलेली वीस नावांची यादी. यादी अपुरी असली तरी चालेल, फोन नंबर मात्र बरोबर असू द्या.